वारा पडेपर्यंत

लीटियाने बापाचा डावा हात कोटाच्या बाहीत घातला आणि ती उजवा हात शोधू लागली, तेवढ्यात ओटावा विमानतळाच्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "हे एकटेच प्रवास करतायत का?"

"मग मी कोण, हवा?"

मुलगी ओशाळली. "तसं नाही. चाकाची खुर्ची आहे म्हणून विचारावं लागतं. इकालुइतला उतरवून घ्यायला कुणी येणार आहे?"

"अख्खं गाव येईल," लीटिया म्हणाली.

इकालुइत म्हणजे पार उत्तरेतलं, बर्फातलं तिचं गाव, पण गाव-बिव कुणी येणार नव्हतं. मावसभाऊ येतो म्हणाला होता, पण त्याच्या ट्रकचं काही खरं नव्हतं. खुर्चीतला म्हातारा, जॉनासी, काउंटरच्या कडेवर ठेवलेल्या आपल्या ओळखपत्राकडे बघत होता. फोटोतला माणूस आपण कधीतरी पाहिलाय, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं. ते कार्ड लीटियाने सकाळीच त्याच्या पलंगाशेजारच्या खणातून उचललं होतं. वृद्धाश्रमात तिने सांगितलं होतं, जेवणापर्यंत फिरवून आणते. टॅक्सीत बसल्यावर मात्र तिला ते खोटं सोसेना. तिने फोन लावला आणि सांगून टाकलं, आम्ही विमानतळावर निघालोय, जेवायला थांबू नका.

म्हणूनच मागून हाक आली तेव्हा तिला नवल वाटलं नाही.

"लीटिया! थांबा जरा."

डोरीन फॅलन धापा टाकत आली. वृद्धाश्रमाचा सगळा कारभार हीच बघायची. मार्च महिन्याच्या थंडीत अंगावर नुसता स्वेटर, कोट घ्यायचंही भान राहिलं नव्हतं.

"पोलीस बाहेर उभे केलेत का?" लीटियाने विचारलं.

"औषधं आणलीत." डोरीनने हातातली कागदी पिशवी वर करून दाखवली, पण दिली नाही. "दोन मिनिटं माझं ऐकून घ्या. मग काय ते करा."

लीटियाने बापाचा उजवा हात बाहीत सरकवला, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि मगच वळली.

"त्यांना इथे का पाठवलं ते आठवतंय ना तुम्हाला?" डोरीन हळू बोलत होती. "तुमची आई गेल्यावर ते भर थंडीत, हातमोज्यांशिवाय समुद्राच्या बर्फावर सापडले होते. बोटं वाचली हे नशीब. पुन्हा तसं झालं तर? तिथे रात्री त्यांच्याजवळ कोण असणार?"

"मी."

"आणि दिवसा? तुम्ही शाळेत स्वयंपाकाला जाता."

"जात होते."

डोरीनने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "तुम्ही रागात आहात. मला कळतं. काल त्यांच्या खोलीत तो कच्चा मासा खाऊ दिला नाही म्हणून—"

"मासा निमित्त आहे."

"लीटिया, ते तुम्हाला ओळखतसुद्धा नाहीत हो. तुम्हाला आई म्हणतात. डॉक्टरांनी तशी नोंद केलीय."

लीटिया हसली. ओटावात आल्यापासून पहिल्यांदाच हसली, आणि इतक्या मोठ्याने की काउंटरवरच्या मुलीने मान वर केली.

"माझ्या जन्माआधी महिनाभर त्याची आई वारली. तिचं नाव मला ठेवलं. मी रांगत होते तेव्हापासून तो मला आईच म्हणतो. मी डोळे वटारले की खाली मान घालतो, बाजारातून आल्यावर आधी माझ्या हातावर खाऊ ठेवतो. आमच्याकडे असंच असतं. तुमच्या डॉक्टरने एक शब्द विचारायचा तरी होता मला."

"आम्हाला हे कुणी सांगितलं नाही."

"कुणी विचारलंही नाही."

डोरीनचा चेहरा उतरला. तरीही ती मागे हटली नाही; हटणाऱ्यातली ती नव्हतीच. "चूक झाली. मी दुरुस्त करून घेईन. पण तेवढ्यासाठी त्यांना नेऊ नका. इथे डॉक्टर आहे, नर्स आहे. आणि इकालुइत काही जगाच्या दुसऱ्या टोकाला नाही. तीन तासांचा तर प्रवास आहे. वाटेल तेव्हा येऊन भेटा."

हे वाक्य लीटियाने दोन वर्षांत इतक्या तोंडांतून ऐकलं होतं की तिला ते पाठ झालं होतं. सरकारी बाईने म्हटलं होतं, पाद्रीबाबांनी म्हटलं होतं, ओटावा नकाशावर कुठे आहे हे ज्यांना धड सांगता आलं नसतं अशा शेजाऱ्यांनीही म्हटलं होतं.

"विमानाला तीन तास लागतात," ती म्हणाली. "मला वर्ष लागतं. तिकिटाला पैसे साठवायचे, रजा मागायची, वादळ नसेल असा दिवस धरायचा. दोन वर्षांत दोनदा आले. आणि त्याला? त्याला किती लागतात सांगा. तो रोज दाराशी बूट घालून बसतो, तुमचीच माणसं सांगतात."

डोरीनने पिशवी उघडून एकेक डबी दाखवली, सकाळची कुठली, झोपताना कुठली, उपाशीपोटी काय द्यायचं नाही. मग पिशवी लीटियाला दिली आणि वाकून म्हाताऱ्याच्या कोटाची कॉलर नीट केली.

"पलंग शुक्रवारपर्यंत ठेवते," ती जाता जाता म्हणाली.

"नका ठेवू."

"ठेवते."

विमानात लीटियाने बापाला खिडकीशी बसवलं. पहिल्यांदा त्याला ओटावात आणलं त्या दिवशी तो खोलीच्या खिडकीपाशी गेला होता आणि म्हणाला होता, "झाडांच्या आड काही दिसत नाही." त्यानंतर त्याने बाहेर बघायचंच सोडलं, आणि हळूहळू बोलायचंही. आता विमान वर गेलं तसा तो कपाळ काचेला टेकवून बसला. खाली रानं होती, काळी, दाट. मग ती विरळ झाली, खुरटी झाली, आणि एका जागी संपली. पुढे नुसता पांढरा, ओसाड मुलूख, मध्ये गोठलेल्या तळ्यांचे डाग.

"आता दिसतंय," जॉनासी म्हणाला.

लीटियाच्या पलीकडे एक जाडजूड बाई बसली होती. मांडीवर चिकनची भलीमोठी बादली, पायाशी नातवंडांसाठी घेतलेल्या डायपरांची थप्पी. तिने न विचारता सांगून टाकलं की ती शीपा, डोळ्यांच्या ऑपरेशनला आली होती, आणि आता तिला सगळ्यांच्या सुरकुत्या दिसायला लागल्यात, त्यामुळे पैसे वाया गेले.

"तुझा बाप का?"

"हो."

"दक्षिणेत ठेवला होता?"

"होता."

"बरं केलंस," शीपा म्हणाली आणि बादलीतला एक तुकडा काढून म्हाताऱ्यासमोर धरला. "घे रे दादा. गरम आहे तोवर."

तीन तास व्हायला आले तेव्हा विमान ढगात शिरलं आणि हादरू लागलं. खाली काही दिसत नव्हतं. एक चक्कर झाली, दुसरी झाली. प्रत्येक वेळी विमान जरा खाली जायचं आणि पुन्हा इंजिनांचा आवाज चढवून वर यायचं. लीटियाने खुर्चीचे हात घट्ट धरले होते. खाली तिचं गाव होतं, तिचं घर होतं, बापासाठी तिने बैठकीत मांडलेला पलंग होता. डोक्यावरून घिरट्या घालत होते ते सगळे, आणि खालच्यांना त्यांचा आवाजही येत असणार.

मग वैमानिक बोलला. वारा फार आहे, धावपट्टी दिसत नाही, आपण ओटावाला परत जातोय.

"झालं!" शीपा म्हणाली. "सहलीला नेऊन आणलं."

पुढचीमागची माणसं हसली. लीटियाला हसू आलं नाही. परतीच्या वाटेवर झाडं पुन्हा सुरू झाली तेव्हा तिने खिडकीची झडप खाली ओढली. जॉनासीने ती वर केली. तिने पुन्हा ओढली नाही.

ओटावात उतरून सामान परत घेईपर्यंत दुपार कलली होती. तीच इमारत, तेच काउंटर. सकाळची मुलगी पाळी संपवून निघाली होती. चाकाची खुर्ची दिसताच ती थबकली, काहीतरी बोलावंसं तिला वाटलं असावं, पण नुसती मान हलवून गेली. पुढचं विमान उद्या, तेही वारा पडला तर. ज्यांची ओटावात सोय होती ते गेले. बाकीचे दहाबारा जण भिंतीशी बॅगा रचून पसरले.

आणि मग जॉनासीची पँट ओली झाली.

अपंगांसाठीच्या मोठ्या संडासात लीटियाने दार लावून घेतलं. त्याला उभा करून कपडे बदलायचे होते. त्याने भिंतीची दांडी धरली ती धरलीच. ती एक बोट सोडवायची, तो दुसरं आवळायचा. "अताता, सोड ना. बाबा, ऐक." तो ऐकत नव्हता. त्याचं सगळं वजन तिच्या खांद्यावर येत होतं. वृद्धाश्रमात हे काम दोघी मिळून करायच्या, त्यांच्याकडे तशा खुर्च्या होत्या, पट्टे होते. कशीबशी कोरडी पँट चढवून झाली तेव्हा लीटियाचे केस घामाने कपाळाला चिकटले होते, आणि आरशात तिला एक बाई दिसत होती जिने दुपारपर्यंतच हात टेकले होते. अजून पहिली रात्रही गेली नव्हती.

त्याला खुर्चीत बसवून, खुर्ची सामानाशी लावून ती इमारतीच्या दाराबाहेर आली आणि तिने डोरीनला फोन केला.

"आम्ही परत आलोय. विमान उतरलं नाही."

"ऐकलं मी. कसे आहेत ते?"

लीटियाने कपाळावरचे केस मागे सारले. "गाडी पाठवाल का?"

डोरीन 'मी म्हणत नव्हते का' असं म्हणाली असती तर बरं झालं असतं; भांडता तरी आलं असतं. ती एवढंच म्हणाली, "पाठवते. त्यांचं जेवण गरम ठेवायला सांगते."

लीटिया परत येऊन बघते तर खुर्ची रिकामी.

ती दाराकडे वळली. पण म्हातारा लांब गेला नव्हता. भिंतीशी बसलेल्या माणसांत तो जमिनीवर बसला होता, पाय समोर ताठ पसरून, पाठ सरळ, तरुणपणी तंबूत बसायचा तसा. त्याला तिथे कुणी बसवलं हे उघडच होतं, कारण शीपा कंबर धरून कण्हत होती.

"काय जड आहे गं तुझा बाप! त्या खुर्चीत तो माणूस वाटत नव्हता, सामान वाटत होता. मग म्हटलं, चल दादा, खाली. आणि पोरी, तुझ्या डब्यातून पाणी गळतंय."

थंड डब्यातला गोठवलेला मासा विरघळायला लागला होता. लीटियाने तो घरून आणला होता, त्यांच्याच ठिकाणच्या तळ्यातला लालसर मांसाचा, बापासाठी. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघराने तो आत घेतला नव्हता. कच्चं काही चालत नाही, नियम होता. शीपाने डबा उघडला, आत बघितलं आणि डोळे मिटून वास घेतला.

"आणि हे तू परत घरी घेऊन चालली होतीस? विहिरीला पाणी पाजायला?"

तिने आपल्या बॅगेतून पुठ्ठा काढून पसरला, मग तिकडच्या बायका वापरतात ती अर्धगोल सुरी काढली. पलीकडे उभ्या असलेल्या रखवालदाराची मान ताठ झाली. तो दोन पावलं पुढे आला.

"बाई, इथे सुरी—"

"मग दातांनी फाडू?" शीपा वर न बघता म्हणाली. "विमान तुम्ही उतरवलं नाहीत. उपाशी तरी ठेवू नका. ये, बैस. एक तुकडा खा, मग कर काय तक्रार करायची ती."

रखवालदार बसला नाही. पण त्याने तक्रारही केली नाही. जरा वेळाने तो पाठ करून दाराकडे बघत उभा राहिला.

पुठ्ठ्याभोवती माणसं जमली. अर्धवट गोठलेल्या माशाचे काप पडू लागले. पहिला काप शीपाने जॉनासीला दिला. त्याने तो बोटांत धरून पाहिला, तोंडात घातला, आणि चावताना त्याचे कान हलू लागले. दुसरा त्याने स्वतः उचलला. तिसरा उचलून लीटियाकडे धरला.

"खा, आई. सकाळपासून तू काही खाल्लं नाहीस."

लीटियाने तो घेतला.

वृद्धाश्रमाचा ड्रायव्हर तेवढ्यात आला, दुमडलेलं ब्लँकेट हातात घेऊन. तरुण, भला माणूस होता. जॉनासीला रोज नावाने हाक मारायचा, म्हणून त्यालाच पाठवलं असणार. तो गुडघ्यांवर बसला.

"चला जॉनासी. गाडी दाराशीच लावलीय. घरी जाऊ."

जॉनासीने तोंडातला घास संपवला. हात पुठ्ठ्याला पुसले.

"घरीच चाललोय," तो म्हणाला.

"हो, पण आज विमान नाही ना. आता आपल्या खोलीवर—"

"वारा आहे." म्हातारा त्याला लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागला. आवाज बारीक होता, पण तुटत नव्हता. "वायव्येचा असणार, या दिवसांत तोच असतो. वारा असला की माणूस बसतो. कुत्र्यांना बसवतो, आपण बसतो. एक दिवस बसतो, तीन दिवस बसतो. वारा पडला की निघतो. वाऱ्यामुळे मागे कोण फिरतं?"

"विमान फिरलं की दादा," कुणीतरी म्हणालं.

"तो पोरगा नवा असेल," जॉनासी म्हणाला. सगळे हसले, तोही हसला. मग त्याने पाय आणखी लांब पसरले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

ड्रायव्हरने लीटियाकडे पाहिलं. गाडी तिनेच मागवली होती, निकालही तिलाच द्यायचा होता. संडासात पेललेलं त्याचं वजन अजून तिच्या खांद्यात दुखत होतं. उद्याही तसंच होणार होतं, परवाही. गावातल्या त्या घरात शीपा नव्हती, रखवालदार नव्हता, दुसऱ्या बाजूने बापाला धरायला कुणीही नव्हतं.

"तुमचं ब्लँकेट ठेवून जाता का?" तिने विचारलं. "रात्री गार पडेल इथे."

ड्रायव्हरला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने ब्लँकेट उलगडून म्हाताऱ्याच्या पायांवर घातलं आणि तो उठला. लीटियाने त्याच्या देखतच फोन लावला.

"डोरीन, गाडी रिकामी येतेय. मीच बोलावली, मीच परत पाठवतेय, त्याला रागावू नका. आणि तो पलंग दुसऱ्या कुणाला द्या."



"आज खूप दमलात तुम्ही," डोरीन म्हणाली. "सकाळी पुन्हा विचार करा."

"सकाळीही दमलेलीच असेन. कुणाला तरी द्या. वाट बघणारे असतील."

"आहेत," डोरीन म्हणाली. तिने कागद सरकवल्याचा आवाज आला. "खूप आहेत. सगळे तिकडचेच."

वारा दुसऱ्या दिवशी दुपारी पडला. विमान सुटलं, आणि या खेपेला ढगातून खाली आलं ते थेट खाडीच्या बर्फावरून सरकत धावपट्टीवर टेकलं. चाकं लागली तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं नुसती उठून टोप्या घालू लागली.

दार उघडलं. थंडी आत आली आणि नाकातले केस ताठ झाले. खाली जिना, आणि जिन्यापासून इमारतीपर्यंत उघडं, बर्फाने घासलेलं मैदान. विमानातली सेविका म्हणाली, "म्हातारबुवांना बसू द्या. खुर्ची उतरवायचं यंत्र येतंय. बाकीच्यांना आधी सोडते."

जॉनासी ऐकायला थांबला नाही. त्याने दाराची चौकट धरली, उंबऱ्यावर बसकण मारली आणि पाय पहिल्या पायरीवर सोडले. बर्फाच्या उतारावरून माणूस उतरतो तसा तो बसल्या बसल्या एक पायरी खाली सरकला. मग दुसरी.

"सर! सर, असं नका करू!"

"अताता!" लीटिया त्याच्या पुढे होऊन उलटी उतरू लागली, दोन्ही हात त्याच्या गुडघ्यांपाशी, न लावता. त्याला ते हात नको होते हे तिला त्याच्या खांद्यांवरून कळत होतं. तिसरी पायरी. चौथी. प्रत्येक पायरीला तो थांबायचा, श्वास घ्यायचा, आणि वाफेत त्याचा चेहरा दिसेनासा व्हायचा.

मधल्या पायरीवर तो बसूनच राहिला. मैदानापलीकडे टेकड्या लख्ख दिसत होत्या, आणि त्यांच्या पायथ्याशी घरं, लाल, निळी, धूर सरळ वर जाणारा. तो डावीकडून उजवीकडे एकेक घर बघत गेला, घाई नसलेल्या माणसासारखा.

"चल ना बाबा," लीटिया हलकेच म्हणाली. "मागे माणसं खोळंबलीत."

तो हलला नाही.

वर दारात शीपा उभी होती, तिच्यामागे सगळी रांग. सेविकेने घड्याळाकडे पाहिलं, मग शीपाकडे, की ही तरी काही बोलेल. शीपाने डायपरांची थप्पी पायाशी ठेवली, कोटाचा घेर सावरला आणि ती वरच्या पायरीवर बसली.